चौदाव्या पानावरची टीप

आमच्या कोलोनिया ब्रेसानमध्ये तीन गोष्टी तयार होतात: पेरणीयंत्रं, धान्य कोठीत चढवणारे चिमांगो आणि गप्पा. पहिल्या दोन सांता फे प्रांतभर विकल्या जातात, तिसरी गावातच खपते. निदिया गार्नेरोचं पोट पहिल्या दोहोंवर चालायचं आणि तिसरीचा तिला तिटकारा होता. विन्योलोंच्या कारखान्यात ती माहितीपुस्तिका लिहायची. यंत्र कसं जोडायचं, तेल कुठे घालायचं, अडकलं तर काय करायचं, हे सांगणारी पुस्तिका प्रत्येक यंत्राबरोबर जायची आणि बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या सीटखाली वंगणात भिजून पडायची. तरी बाहेरगावचे व्यापारी ती चाळून विचारायचे, की हे काय रोसारिओ शहरातून करून आणता का? मालक इतालो विन्योलो छाती फुगवून सांगायचे, "रोसारिओ कशाला? आमची निदिया आहे की!"

फुगायची ती एकट्या मालकांची छाती नव्हे, हे सांगितलं पाहिजे. निदिया दिसायला साधी, बोलायला तुटक, छप्पन्न वर्षांची, एकटी राहणारी बाई. पण पानाच्या बाबतीत भयंकर गर्विष्ठ. तो गर्व घरातूनच आलेला. तिचे वडील अल्दो यांचा चौकात छापखाना होता. लग्नाच्या पत्रिका, मयताच्या सूचना, नाचाच्या कार्यक्रमांची पत्रकं, सगळं तिथे छापलं जायचं, आणि नऊ वर्षांची निदिया खोक्यावर उभी राहून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली की छापखानेवाले तिला विधवा ओळ म्हणतात. अशी ओळ दिसली की अल्दोंना जेवण गोड लागत नसे. ते अख्खं पान मोडून पुन्हा लावायचे. मयताची सूचना असली तरी.

छापखाना बुडाला, अल्दो गेले आणि निदिया कारखान्यात आली. तेव्हाच्या पुस्तिका म्हणजे टंकलेखन यंत्रावर बडवलेले, वाकडे फोटोकॉपी केलेले कागद. तिला ते बघवेनात. बेचाळिसाव्या वर्षी ती दर शनिवारी पहाटेच्या बसने रोसारिओला जाऊ लागली आणि वर्षभरात मार्कअप शिकून आली. गावाला वाटलं, बाईने कुणीतरी गाठलाय. गाठलं होतं ते एवढंच, की मजकुराला रंगवायचं नाही. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला तो काय आहे याची खूण घालायची: हे शीर्षक, ही पायरी, ही टीप, हा इशारा. कुठली खूण असलेला मजकूर कसा दिसेल, किती मोठा, कुठल्या रंगात, चौकटीत की बिनचौकटीचा, ते स्टाइलशीट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मग त्याच मजकुराचं पुस्तक निघतं, फोनवरचं पान निघतं, भिंतीवरचा तक्ता निघतो. एकाच पिठाचे तीन पदार्थ. फक्त खूण खरी पाहिजे.

कारखान्यातल्या इंजिनियरांना हे पटवताना तिच्या नाकी नऊ आले. ते तिला मजकूर पाठवायचे तो लाल, पिवळा, जाड, तिरपा, जत्रेत फिरून आल्यासारखा.

"अहो, पण हे महत्त्वाचं आहे म्हणून लाल केलंय," एखादा बिचारा म्हणायचा.

"लाल हा रंग आहे. महत्त्वाचं म्हणजे काय? टीप आहे, की इशारा? दिसतं कसं ते मला सांगू नका, आहे काय ते सांगा," निदिया त्याला सगळ्यांदेखत सुनवायची. एकदा नवीन आलेल्या एका इंजिनियरला तिने इतकं झाडलं, की तो आठवडाभर तिच्या टेबलावरून न जाता गोदामातून फेरी मारून जायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे तिने केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणू नये.

नव्या चिमांगोची पुस्तिका शुक्रवारी संध्याकाळी छापायला जायची होती. चार वाजता निदिया शेवटचं चाळत होती आणि चौदाव्या पानावर थबकली. त्या पानावर नळीत धान्य अडकलं तर काय करायचं, त्याच्या सहा पायऱ्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एक इशारा: झाकण उघडण्याआधी इंजिन बंद करा, पट्टा काढा आणि आतलं मळसूत्र पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. इशाऱ्याला लाल चौकट, वर त्रिकोण, भोवती भरपूर जागा. त्या जागेपायी सहाव्या पायरीची शेवटची ओळ पंधराव्या पानावर जाऊन एकटी बसली होती.

खरा उपाय तिला ठाऊक होता. स्टाइलशीटमध्ये चौकटीची मापं बदलायची आणि मग अख्खी साठ पानं पुन्हा तपासायची. दोन तासांचं काम. छापखान्याची गाडी पाचला येणार होती. तिने इशाऱ्याची खूण पुसली आणि तिथे टिपेची घातली. टीप म्हणजे बारीक, तिरपी अक्षरं, बाजूला करडी रेघ. पान कसं झकास बसलं. शब्द तेच होते, एकही कमी नव्हता. सोमवारी नीट करू, असं ती मनाशी म्हणाली. सोमवारी पेरणीयंत्राचं काम आलं.

दोन वर्षं गेली. मग ठेकेदारांच्या तक्रारी यायला लागल्या, की साठ पानं शेतात कोण वाचतं, आम्हाला एक कार्ड द्या, यंत्रालाच बांधलेलं. मालकांनी निदियाला सांगितलं. निदियाने एका दुपारीत नवं स्टाइलशीट लिहिलं: अडचणींच्या प्रकरणातून शीर्षकं घ्या, पायऱ्या घ्या, इशारे घ्या, टिपा गाळा. कार्डावर जागाच किती, आणि टिपेत असतं तरी काय? कार्ड निघालं ते इतकं देखणं, की तिने एक आपल्या टेबलासमोर टाचलं. मोठी अक्षरं, मोकळा पांढरा कागद, वर प्लास्टिक. इंजिनियरांनी ते पाहिलं आणि वा म्हणाले. पुस्तिका तपासून झालेलीच होती, कार्ड काय तिच्यातूनच निघालेलं. निदियाने तर ते वाचलंही नाही. तिने ते पाहिलं.

कार्डाचा सगळ्यात मोठा भक्त निघाला एल्विओ दाल्मासो. हा एका ठेकेदाराकडे चिमांगो चालवायचा. शाळा सहावीत सुटलेली, वाचताना ओळीखाली बोट धरायचा, ओठ हलवायचा. पण कामाला इतका चोख, की त्याने बांधलेली गाठ दुसऱ्याला सुटत नसे. खाटकाच्या दुकानात रांगेत त्याने निदियाला गाठलं आणि टोपी काढली.

"बाई, ते कार्ड तुम्ही लिहिलंत?"

"मीच."

"पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासारख्या ठोंब्यासाठी लिहिलं बघा. मी रोज वाचतो. पाठ आहे, तरी वाचतो."

निदिया त्या दिवशी घरी गेली ती हवेत चालत. खाटकाकडे पिशवी विसरली होती, ती आणायला परत यावं लागलं.

एप्रिलच्या शेवटी सोयाबीनची कापणी जोरात होती आणि दाणा ओला होता. एल्विओच्या चिमांगोत धान्य अडकलं. मळसूत्र जाम होऊन उभं राहिलं, वर पट्टा नुसताच घसरत होता. एल्विओने कार्ड वाचलं. वरून येणारं धान्य बंद केलं, दोन बोल्ट सैल केले, झाकण उघडलं, अडकलेलं धान्य हाताने मोकळं केलं. मोकळं होताच मळसूत्र फिरलं. इंजिन चालूच होतं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीला प्रांत सरकारचा माणूस आला. मालकांनी पुस्तिका उघडून चौदावं पान दाखवलं. सगळं लिहिलेलं होतं: इंजिन बंद करा, पट्टा काढा, वाट पाहा. त्याने फोटो काढला आणि लिहून टाकलं, सूचना न पाळल्यामुळे अपघात. एल्विओ इस्पितळातून सांगत राहिला, की मी कार्डाप्रमाणे केलं, अक्षर न् अक्षर. पण त्याचं कार्ड यंत्राबरोबर दुरुस्तीला कारखान्यात आलेलं, दुसऱ्या यंत्रावरचं वाचून बघायची तसदी कुणी घेतली नाही, आणि एल्विओला वाचता किती येतं ते गावाला ठाऊक. लोक कीव करत होते आणि कीव करता करता हसत होते.

क्लबात तर काही विचारूच नका. तिथला कँटीनवाला तोतो जिभेने आधीच तिखट. एल्विओ डाव्या हाताने कॉफी ढवळत बसलेला असायचा आणि पत्त्यांच्या टेबलावरून कुणीतरी विचारायचं, "एल्विओ, काय लिहिलंय रे पेपरात?"

"त्याला कशाला विचारतोस?" तोतो म्हणायचा. "तो पहिली ओळ वाचतो, दुसरी वाचतो, तिसरीला झोपतो."

"मी सगळं वाचलं होतं," एल्विओ म्हणायचा. "कार्डावर इंजिनाचं काही नव्हतं. बाईंचं कार्ड चुकलंय."

"निदियाचं? ती स्वप्नातसुद्धा स्वल्पविराम चुकत नाही, बाबा. कॉफी पी."

हे निदियाच्या कानावर आलं आणि खरं सांगायचं तर तिला राग आला. माझं कार्ड चुकलं म्हणतो! त्याच तोऱ्यात ती दुरुस्तीच्या शेडमध्ये गेली. चिमांगो धुऊन उभा होता, कार्ड तारेने लटकत होतं. तिने ते हातात घेतलं आणि प्रथमच वाचलं. एक, दोन, तीन. पुन्हा वाचलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण ओळीखाली बोट धरलं आहे. दोन आणि तीनच्या मध्ये काही नव्हतं. होता तो पांढराशुभ्र कागद, तिला आवडणारा. चौदावं पान, शुक्रवार, चार वाजताची ती वेळ, सगळं एका क्षणात आठवलं, जणू कुणी ते तिच्याच ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं. तिने तार सोडवली आणि कार्ड कोटाच्या आत घातलं.

टेबलाशी येऊन तिने फाइल उघडली. टिपेची खूण पुसली, इशाऱ्याची घातली. कार्ड पुन्हा काढलं तर लाल चौकट जागच्या जागी. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ती तशीच उठून मालकांकडे गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. त्या वेळी ती धीट होती, एवढं श्रेय तिला दिलं पाहिजे.

मालकांनी टेबलावरची पुस्तिका पुढे ओढली.

"पुस्तिकेत आहे ना?"

"आहे. पण कार्डावर नव्हतं, आणि तो कार्डच वाचतो."

"पुस्तिकेत आहे," मालक म्हणाले. "निदिया, इथे नव्वद घरं जेवतात. तू चूक सुधारलीस, छान केलंस. जुनी कार्डं सगळीकडून काढून घेऊ. प्लास्टिक जाड केलंय म्हणून सांगू. आणि तू आता हे डोक्यातून काढ. एल्विओला मी बघतो, त्याला गोदामात बसून करायचं काम देतो."

"पण गाव त्याला हसतंय."

"गाव आज हसतं, उद्या विसरतं. जा, थोडा चहा घे."

त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. आणि निदियाचा जीव भांड्यात पडला. हेच तिला पुढे सगळ्यात जास्त डाचलं. मालकांनी तोंड बंद करायला सांगितलं याचं नाही. त्यांनी सांगितल्यावर आपल्याला किती बरं वाटलं, याचं. जिना उतरताना तिला भूकसुद्धा लागली होती.

नवी कार्डं जून संपायच्या आत जिल्हाभर लागली. निदिया लोकांत जायची बंद झाली. खाटकाकडे ती दुपारी दुकान बंद व्हायच्या वेळी जायची, प्रार्थनेला शेजारच्या गावी. टेबलासमोरचं कार्ड तिने काढलं, पण भिंतीवर त्याची स्वच्छ चौकोनी जागा उरली, म्हणून तिथे कॅलेंडर लावलं. इंजिनियरांना बोलणं तिने सोडलं. ते लाल मजकूर पाठवायचे आणि ती मुकाट्याने खुणा घालायची. त्यांना वाटलं, बाई वयाने निवळली.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. एल्विओ उभा होता, इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खिशात. डाव्या हातात फडक्यात बांधलेली बरणी.

"सुलेमाने सफरजळाचा मुरंबा केलाय," तो म्हणाला. सुलेमा त्याची बायको. "घ्या बाई. मी माफी मागायला आलोय."

निदियाने बरणी घेतली.

"मी क्लबात तुमच्या कार्डाला नावं ठेवली. सगळ्यांसमोर. काल सहकारी संस्थेच्या आवारात चिमांगो उभा होता, त्याला कार्ड, ते नुसतं प्लास्टिक जाड केलंय म्हणतात ना, तेच. मी वाचलं. बाई, एवढी मोठी लाल चौकट! वर त्रिकोण! आणि मी शपथेवर सांगत होतो, की नव्हतं म्हणून." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मला आठवतंच आहे हो अजून, की नव्हतं. आत्तासुद्धा डोळे मिटले तर दोननंतर तीनच दिसतं. म्हणजे डोकंच गेलं म्हणायचं माझं. ट्रॅक्टरच्या चाव्या मी जावयाला देऊन टाकल्या काल रात्री. जे डोळ्यांसमोर आहे तेच दिसत नाही, तर रस्त्यावर कुणाला तरी चिरडीन."

आता सांगायचं. आत्ता, या क्षणी. निदियाने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आलं, "असू दे, एल्विओ. होतं असं कधीकधी."

"तुमचं मन मोठं आहे बाई," एल्विओ म्हणाला आणि डाव्या हाताने टोपी घालून निघून गेला.

बरणी टेबलावर ठेवून निदिया बसली. तिला रडू आलं नाही. रडणाऱ्या माणसाची आपण कीव करतो आणि तिला स्वतःची कीव करायची सोय उरली नव्हती. आधी तिने त्याची बोटं घालवली होती, ती न कळत. मग त्याचं नाव घालवलं, ते कळून. आणि आता, चूक सुधारून, नवं देखणं कार्ड लावून, तिने त्याच्याकडून त्याचे डोळेही काढून घेतले होते, आणि वर त्याला माफ केलं होतं. असू दे म्हणाली! तो आवाज तिला आठवला, शांत, थोरल्या बहिणीसारखा, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, घरात कुणी नसताना.

दुपारी अडीच वाजता तिने कपाट उघडलं, हिवाळ्याच्या कोटातून जुनं कार्ड काढलं आणि बाहेर पडली. आमच्याकडे दुपारी एक ते पाच कुणी कुणाचं दार वाजवत नाही; गाव झोपलेलं असतं. सुलेमाने दार उघडलं तेव्हा ती घाबरलेली होती.

"कोण गेलं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"कुणी नाही. एल्विओ जागा आहे?"

एल्विओ स्वयंपाकघरात बसला होता. निदियाने न बसता कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. "हे तुझं. तुझ्या यंत्रावरचं. शेडमधून मी काढून नेलं होतं."

त्याने डाव्या हाताचं बोट ओळीखाली धरलं आणि वाचायला लागला. निदिया त्याचे हलणारे ओठ बघत उभी राहिली. तो सहाव्या पायरीपर्यंत गेला, परत वर आला, आणि बोट दोन आणि तीनच्या मध्ये रिकाम्या जागेवर थांबलं.

"नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये. तू बरोबर वाचलं होतंस. ते मी पुस्तकात टीप म्हणून घातलं, पान चांगलं दिसावं म्हणून, आणि कार्डावरून टिपा गाळायचं मीच ठरवलं. तुझा अपघात झाल्यावर मला कळलं. मी गुपचूप दुरुस्त केलं. सहकारी संस्थेत तू वाचलंस ते नंतरचं."

"सकाळी मी तुमच्या दारात आलो होतो."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

एल्विओने कार्ड बायकोकडे सरकवलं. "सुलेमा, वाच."

सुलेमाने चष्मा लावला. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला. "पाच महिने," ती म्हणाली, "पाच महिने याला अंघोळ घालते, मांस कापून भरवते, आणि रोज, एक दिवस चुकवला नाही, रोज ऐकवते, की मेल्या, नीट वाचलं असतंस तर!" ती निदियाकडे वळली. "चालत्या व्हा माझ्या घरातून."

"थांब," एल्विओ म्हणाला. "बसा, बाई."

निदिया बसली.

"क्लब पाचला उघडतो. आपण तिघं जाऊ. तिथे तुम्ही हे वाचून दाखवायचं."

"दाखवते."

तीन वाजले होते. पाचपर्यंत ते तिघं त्या टेबलाशी बसले. सुलेमाने पाणी तापवलं, सगळ्यांत फिरणारा येर्बाच्या कडू चहाचा पेला भरला, नवऱ्याला दिला. त्याने पिऊन परत केला. तिने पुन्हा भरला, स्वतः प्यायली. पुन्हा भरला, नवऱ्याला दिला. आमच्याकडे वसुलीला आलेल्या माणसालाही फेरीतून वगळत नाहीत. पेला निदियाच्या समोरून जात राहिला, येत राहिला, आणि तिने एकदाही मान वर केली नाही. घड्याळाकडेसुद्धा बघायची तिला लाज वाटत होती. उठून जावंसं वाटलं नाही असं नाही. पण उठायचं म्हणजे पुन्हा तोच जिना उतरायचा, मालकांच्या खोलीतून खाली येणारा, भूक लागलेली असताना. त्यापेक्षा हे बरं होतं.

पाच वाजता क्लबात वीसेक माणसं होती. बाहेर मैदानावर बोचीच्या खेळातले गोळे एकमेकांवर आदळायचे आवाज येत होते, पत्ते पिसले जात होते. निदियाला तिथे पाहून तोतोने फडकं खांद्यावर टाकलं.

"आज काय, छापील मेनू आणलात की काय, बाई?"

"गप्प बस, तोतो," एल्विओ म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की तोतो खरंच गप्प बसला. "बाईंना काही वाचायचंय. माझ्या चिमांगोवर होतं ते कार्ड आहे."

निदियाने कार्ड वर धरलं. "एक," तिने वाचलं, "ट्रॉलीची झडप बंद करून धान्य येणं थांबवा. दोन, नळीच्या खालच्या टोकाचे दोन बोल्ट सैल करा. तीन, झाकण उघडा."

"आणि इंजिन?" पत्त्यांच्या टेबलावरून एक म्हातारा मेकॅनिक म्हणाला. "इंजिन कुठे बंद केलं?"

"इथे नाही," निदिया म्हणाली. "होतं. मी काढलं."

पत्ते पिसायचे थांबले. तिने सगळं सांगितलं: टीप, पान, कार्ड, शेडमधली तार, नवी कार्डं. मालकांचं नाव तिने घेतलं नाही. मालकांशी ती सोमवारी स्वतः बोलणार होती, नोकरी राहो न राहो. चौकशीच्या माणसालाही लिहिणार असल्याचं सांगितलं. एल्विओ तिच्या शेजारी उभा होता, खिशातला हात बाहेर काढून, सगळ्यांना दिसेल असा. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बघायचं धैर्य कुणाला होत नव्हतं. तोतो तेच तेच ग्लास पुसत होता.

"एल्विओ," निदिया त्याच्याकडे वळून म्हणाली, "मला तुझी माफी..."

"ते नंतर बघू," एल्विओ म्हणाला. तो दाराकडे बघत होता. बाहेरच्या मैदानावर बोची खेळणारे आठ-दहा जण, आत एवढी शांतता का म्हणून, हातात गोळे घेऊन उंबऱ्यावर येऊन उभे राहिले होते. यांनीच तर सगळ्यात जास्त हसून घेतलं होतं. "हे आत्ता आले. पहिल्यापासून वाचा, बाई."

निदियाने कार्ड पुन्हा वर धरलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.